अफवांचे विष आणि सरकारी कुलूप

इंटरनेटवरील घातक मजकुराला आळा घालण्यासाठी शासनाच्या हाती किती सत्ता असावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत संसदेत, न्यायालयांपुढे आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांतून वारंवार उपस्थित झाला आहे. सरकारचा युक्तिवाद दिसायला सरळ आहे. अफवांनी माणसे मारली जातात, बनावट चित्रफितींनी दंगली पेटतात, मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये विकली जातात. सबब असा मजकूर तात्काळ बंद करण्याचा अधिकार शासनाला हवा. या युक्तिवादाच्या पहिल्या अर्ध्या भागाशी कोणताही विवेकी माणूस वाद घालणार नाही. वाद आहे तो ‘सबब’ या शब्दानंतर येणाऱ्या भागाशी. घातक काय हे ठरविणार कोण, कोणत्या कसोटीवर ठरविणार, आणि ठरविणाऱ्याने चूक केली किंवा जाणूनबुजून अन्याय केला तर दाद कोठे मागायची, या तीन प्रश्नांची उत्तरे न देताच सत्ताधारी हा अधिकार मागत आहेत. किंबहुना त्यांनी तो बव्हंशी हस्तगत केला आहे.

माहितीच्या स्वातंत्र्यावर कसलेही बंधन नको, बाजारात खरे-खोटे आपोआप निवडले जाईल, असे काही मंडळी म्हणतात. सामान्य माणसाला खरे-खोटे कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकारने निवड करावी, असे दुसरी मंडळी म्हणतात. महाराष्ट्रात घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर या दोन्ही भूमिकांचा पोकळपणा ध्यानी येतो.

राईनपाडा आणि पालघर

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून पोटासाठी भिक्षा मागत आलेली ती माणसे. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पसरली होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली आणि तेथेच त्यांचे प्राण गेले. त्या वर्षी देशाच्या निरनिराळ्या राज्यांत याच अफवेने बळी घेतले. त्या काळात फिरणारी एक चित्रफीत वास्तविक कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेल्या जाहिरातीचा तुकडा होती. पळविलेले मूल परत आणून सोडल्याचे दृश्य त्यातून कापून टाकण्यात आले होते. खोट्या मजकुराने माणसे मरतात हे सिद्ध करण्यासाठी याहून अधिक पुरावा नको.

आता दुसरी घटना. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद पडले. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर चार वाक्यांत प्रश्न उपस्थित केला. दुसरीने तो मजकूर आवडल्याची खूण केली. दोघींना पोलिसांनी अटक केली. त्यांच्यापैकी एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांच्यावर लावण्यात आले होते. देशभर संताप उसळल्यावर खटला मागे पडला आणि काही पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, ही गोष्ट पुढची.

राईनपाड्याला मजकूर घातक होता, आणि कायदा वेळेवर पोहोचला नाही. पालघरला मजकूर निरुपद्रवी होता, आणि कायदा तत्परतेने पोहोचला. राईनपाड्याला मरणारे भटके, बिनघरचे, ज्यांच्या मागे कोणी नाही असे होते. पालघरला दुखावलेले रस्ता बंद पाडण्याची ताकद असलेले होते. कायदा कोणाच्या हाकेला धावतो आणि कोणाच्या किंकाळीला धावत नाही, याचे हे वास्तव लक्षात न घेता केवळ ‘घातक मजकूर’ या शब्दावर चर्चा करणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय.

राईनपाड्याचे पाच जीव मजकूर बंद करण्याच्या अधिकाराने वाचले असते काय, हेही निर्भीडपणे विचारले पाहिजे. तो मजकूर कोणत्या संकेतस्थळावर नव्हता. तो हजारो खासगी फोनमध्ये, एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. दिल्लीतील अधिकाऱ्याने आदेश काढून कुलूप लावावे असा दरवाजाच तेथे नव्हता. माणसे वाचली असती ती आदल्या आठवड्यात गावोगाव दवंडी देऊन, शाळांतून आणि बाजारांतून अफवा खोटी असल्याचे स्थानिक बोलीत सांगून. बाजाराच्या दिवशी पुरेसा बंदोबस्त ठेवून. आणि भटक्या-विमुक्तांकडे चोर म्हणून पाहण्याची जी दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजात आणि पोलीस ठाण्यात रुजवली, ती उपटून काढून. त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात जे निर्देश दिले त्यांत चिथावणीखोर संदेश रोखण्याचा उल्लेख अवश्य आहे. परंतु प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमणे, गस्त, जलदगती खटले, नुकसानभरपाई आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई यांवर त्यांचा मुख्य भर होता. व्हॉट्सॲप कंपनीने त्यानंतर भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. या उपायांपैकी एकालाही गुप्त आदेशाची गरज नव्हती.

रद्द झालेला कायदा, न मेलेला कायदा

कलम ६६-अ २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमलात आले. ‘अतिशय आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ अशा शब्दांनी त्यातील गुन्ह्याची व्याख्या केली होती. त्रास कोणाला व्हावा म्हणजे गुन्हा होतो, हे सांगितले नव्हते. त्यामुळे मंत्र्याला झालेला त्रास आणि गुन्हा यांत अंतर उरले नाही. २०१२ साली कोलकात्यात मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र पुढे पाठविणाऱ्या एका प्राध्यापकाला अटक झाली. त्याची पूर्ण मुक्तता व्हायला २०२३ साल उजाडले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे, आणि बंधन येऊ शकते ते तिसऱ्या पायरीवर, हा त्या निकालाचा गाभा आहे.

परंतु रद्द झालेला कायदाही पोलीस ठाण्यात जिवंत राहिला. त्याच कलमाखाली नवे गुन्हे नोंदविले जात असल्याचे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले तेव्हा न्यायालयाने धक्का बसल्याचे सांगितले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा पुन्हा आदेश द्यावा लागला. कायद्याच्या पुस्तकातून ओळ खोडली म्हणजे दडपशाहीची सवय खोडली जात नाही.

गुप्त आदेशांचे राज्य

त्याच निकालाने कलम ६९-अ मात्र वैध ठरविले. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांसंबंधीच्या गुन्ह्यास चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकारला या कलमाखाली मजकूर बंद करता येतो. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लेखकाला अथवा कंपनीला नोटीस देण्याची तरतूद आहे, असे न्यायालयाने नमूद केले. कारणे लेखी असल्याने त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येईल, ही त्यामागची धारणा होती.

व्यवहारात काय घडले? २००९ च्या नियमांतील सोळाव्या नियमाने तक्रार आणि कारवाई यांविषयी काटेकोर गुप्तता बंधनकारक केली. ज्याचे लेखन बंद झाले त्याला आदेशाची प्रत मिळत नाही. माहिती अधिकाराखाली मागितली तर याच नियमाचा आधार घेऊन नाकारली जाते. जो आदेश हाती येत नाही त्याला आव्हान द्यायचे कसे? निर्णय घेणाऱ्या समितीत सरकारी मंत्रालयांचे आणि सरकारी संस्थांचेच प्रतिनिधी. फेरतपासणी करणारे मंडळही सचिवांचेच. तक्रारदार सरकार, न्यायाधीश सरकार आणि अपील ऐकणारेही सरकार! संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार या कलमाखाली २०१४ साली ४७१ पत्ते बंद करण्यात आले होते. २०२० साली हा आकडा ९,८४९ वर गेला. त्यांतील किती दहशतवादी प्रचाराचे होते आणि किती केवळ सरकारला नको असलेले होते, हे तपासून पाहण्याचा मार्ग नागरिकाला ठेवलेला नाही.

एवढेही पुरेसे वाटले नाही म्हणून दुसरी वाट काढण्यात आली. कायद्याचे कलम ७९ हे मूलत: मध्यस्थ कंपन्यांना संरक्षण देणारे आहे, सरकारने कळविल्यावरही बेकायदा मजकूर न काढणारी कंपनी ते संरक्षण गमावते, एवढेच त्यात म्हटले आहे. या पोटकलमाचेच हत्यार बनवून गृहमंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सहयोग’ नावाची यंत्रणा उभी केली. तिच्याद्वारे निरनिराळी मंत्रालये आणि राज्यांचे पोलीस थेट कंपन्यांना मजकूर काढण्यास कळवू लागले. ६९-अ खालील समिती नाही, तेथील सुनावणी नाही. एक्स कंपनीने याविरुद्ध केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. त्यानंतर महिन्याभरातच केंद्राने नियम बदलून असे आदेश सहसचिव दर्जाच्या, आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या, अधिकाऱ्यांनीच काढावेत असे ठरविले. तोवर त्याखालचे अधिकारीही आदेश काढीत होते, याचीच ही कबुली होय. अधिकाऱ्याचा दर्जा वाढला. परंतु ज्याचे तोंड बंद होते त्याची बाजू ऐकून घेण्याचे बंधन आणि स्वतंत्र तपासणी यांचा पत्ता तेथेही नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रवाहाविरुद्ध दोनदा बांध घातला, हे नोंदविले पाहिजे. २०२१ च्या नियमांतील आचारसंहितेच्या तरतुदींना त्याने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली; अर्जदारांत ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे होते. २०२३ साली केंद्राने आणखी एक पाऊल टाकले : केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवील. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्यास आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी दिलेल्या मताने ती तरतूद रद्द झाली. ज्याच्या कारभारावर आरोप आहे त्यानेच आरोप खरा की खोटा हे ठरवावे, ही कल्पना गावच्या चावडीवरही हास्यास्पद ठरली असती.

कुलपाआड काय दडते

हे अधिकार कोणाविरुद्ध वापरले गेले? १ फेब्रुवारी २०२१ रोजी, दिल्लीच्या सीमांवर शेतकरी आंदोलन ऐन भरात असताना, किसान एकता मोर्चा आणि ‘द कॅरव्हान’ मासिक यांची ट्विटरवरील खाती सरकारी आदेशाने भारतात बंद झाली. त्याच दिवशी ती पुन्हा उघडली गेली तेव्हा सरकारने कंपनीवर दबाव वाढविला. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात दंगलींसंबंधीच्या बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे आणीबाणीच्या तरतुदीखाली काढायला लावले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरील एका व्यंगचित्रासाठी तामिळनाडूतील ‘विकटन’ या जुन्या प्रकाशनसंस्थेचे संपूर्ण संकेतस्थळच बंद पाडले गेले. ते व्यंगचित्र तात्पुरते काढण्याच्या अटीवर संकेतस्थळ उघडण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाला मार्चमध्ये द्यावा लागला. एका चित्राकरिता सारे ग्रंथालय सीलबंद करण्याचाच हा प्रकार. मे २०२५ मधील लष्करी संघर्षाच्या काळात आठ हजारांहून अधिक खाती बंद करण्याचे आदेश आल्याचे एक्स कंपनीने जाहीर केले. ‘द वायर’ हे वृत्तसंकेतस्थळही त्याच दिवसांत बंद झाले होते. युद्धाच्या छायेत खोट्या बातम्या पसरतात हे खरे. पण त्या दिवसांत काही मोठ्या वृत्तवाहिन्यांनी शत्रूची शहरे काबीज झाल्याच्या बिनबुडाच्या बातम्या रात्रभर दाखविल्या, तेव्हा कुलपांची एवढी घाई कोणी दाखविली नाही.

संपूर्ण इंटरनेट तोडणे हे याच धोरणाचे टोक होय. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ च्या प्रारंभी इंटरनेट बंद झाले. फोर-जी सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. सफरचंदांचे बागायतदार, परीक्षांचे अर्ज भरणारे विद्यार्थी, महासाथीच्या काळातील डॉक्टर, सर्वांनी त्याची किंमत मोजली. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत. आदेश प्रसिद्ध न करता इंटरनेट तोडण्याचे प्रकार त्यानंतरही घडतच राहिले.

मणिपूरचे उदाहरण तर प्रत्येकाने मनाशी कोरून ठेवावे. ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि अफवा रोखण्यासाठी म्हणून इंटरनेट बंद करण्यात आले. हिंसाचार थांबला नाही. ४ मे रोजी दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. १८ मे रोजी पोलिसांकडे तक्रार नोंदविली गेली. दोन महिने कोणालाही अटक झाली नाही. १९ जुलै रोजी त्या अत्याचाराची चित्रफीत बाहेर आली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वत:हून दखल घेतली, पंतप्रधानांनी मौन सोडले आणि पहिली अटक झाली. त्या भगिनींची विटंबना दाखविणारे दृश्य फिरत राहू नये, हे म्हणणे योग्यच आहे. त्यांच्या प्रतिष्ठेचा तो प्रश्न आहे. पण देशाला ते कळलेच नसते तर गुन्हेगार मोकळेच राहिले असते, हेही तितकेच खरे आहे. इंटरनेटचे कुलूप अत्याचारित स्त्रियांचे रक्षण करू शकले नाही. त्याने अडीच महिने रक्षण केले ते अत्याचार करणाऱ्यांचे आणि हात बांधून बसलेल्या शासनाचे.

कंपन्यांचा कैवार नको

याचा अर्थ मूठभर परदेशी मक्तेदार कंपन्या स्वातंत्र्याच्या पाठीराख्या आहेत असा मुळीच नाही. माणूस जितका वेळ पडद्याला खिळून राहील तितकी जाहिरात विकली जाईल, हे त्यांच्या धंद्याचे सूत्र आहे; आणि संताप, भीती व द्वेष यांनी माणूस जितका खिळतो तितका विवेकाने खिळत नाही. म्यानमारमधील रोहिंग्यांच्या कत्तलीसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली फेसबुकच्या वापरावर बोट ठेवले. आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीलाही मान्य करावे लागले. त्याच कंपनीने २०२० साली ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला. ज्या सरकारच्या परवानगीवर एवढी गुंतवणूक अवलंबून आहे त्या सरकारचे मन कंपनी दुखवील, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. संरक्षण गमावण्याची भीती आणि बाजार गमावण्याची भीती, या दोहोंच्या कात्रीत कंपनीला सर्वांत स्वस्त पडते ते एकच : आदेश आला की मजकूर काढून मोकळे व्हावे. एक्सने न्यायालयात धाव घेतली ती आपल्या धंद्याच्या हिशेबाने. ट्विटर या जुन्या नावाने तिने ३९ पत्त्यांवरील बंदीच्या आदेशांविरुद्ध केलेला अर्ज २०२३ साली पन्नास लाख रुपयांच्या भुर्दंडासह फेटाळला गेला. ज्यांची खाती बंद झाली त्या लेखकांचा आणि वाचकांचा आवाज मात्र या दोन बड्यांच्या लढतीत कोणी ऐकला नाही.

सबब सरकारी सेन्सॉर की खासगी सेन्सॉर, असा प्रश्न मांडणे हीच फसवणूक आहे. आज दोघे हातात हात घालून काम करीत आहेत : आदेश सरकारचा, अंमल कंपनीचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

इतिहासाचा दाखला

‘शांतता राखण्यासाठी’ हे शब्द या देशातील वृत्तपत्रांना नवे नाहीत. १८७८ सालचा लिटनचा कायदा केवळ देशी भाषांतील पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रे मोकळी होती, आणि मॅजिस्ट्रेटच्या कारवाईविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. जून १९०८ मध्ये सरकारने गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांची छापखान्यासह जप्ती करण्याचा कायदा केला. पुढच्याच महिन्यात ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून त्यास उत्तर दिले.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा खटलाही मुंबईच्याच एका पत्राचा. रोमेश थापर संपादित ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने १ मार्च १९५० रोजी आपल्या प्रांतात बंदी केली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द करताना सांगितले की प्रसाराच्या स्वातंत्र्यावाचून प्रकाशनाच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दिल्लीतील ‘ऑर्गनायझर’ या पत्रावरील पूर्वनियंत्रणाचा आदेशही रद्द केला. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेल्या दोन पत्रांना एकाच दिवशी एकाच तत्त्वाने संरक्षण मिळाले, यात या प्रश्नाचे सारे मर्म आहे. जे हत्यार आज आपल्या शत्रूवर चालते ते उद्या आपल्यावर चालणारच. पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घटनेत घालण्यात आले. सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आला. आजचा सारा झगडा त्या एका शब्दाच्या अर्थासाठी आहे.

आणीबाणीत २६ जून १९७५ पासून वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. सक्तीच्या नसबंदीच्या आणि तुर्कमान गेटच्या बातम्या दडपल्या गेल्या. परिणाम असा झाला की जनतेइतकेच सरकारही आंधळे झाले; मार्च १९७७ च्या मतदानाने त्याचे डोळे उघडले. त्या अंधारातही मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ साली मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाच्या खटल्यात, सर्व पत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचा निर्णय दिला. मसानींचे राजकारण डाव्या चळवळीच्या अगदी विरुद्ध टोकाचे. म्हणून तो निकाल कमी मोलाचा ठरत नाही.

मग द्वेषप्रचाराचे काय?

येथे एक रास्त शंका पुढे येते. जातीयवादी विखारी प्रचार बंद करा अशी मागणी आपणच करायची आणि सरकारने बंदीचा अधिकार मागितला की विरोध करायचा, यात विसंगती नाही काय? नाही. चिथावणी हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आहे. त्यासाठी आरोपी असतो, पुरावा असतो, उघडे न्यायालय असते. तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वत:हून असे गुन्हे नोंदवावेत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांना आणि २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. तो किती पाळला गेला हे प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्ता जाणतो. व्यासपीठावरून उघडपणे कत्तलीची भाषा बोलणाऱ्याला हात लावायचा नाही आणि व्यंगचित्रकाराला सोडायचे नाही, हा अधिकाराच्या कमतरतेचा दोष नव्हे. अधिकार भरपूर आहेत; ते कोणाविरुद्ध वापरायचे याची निवड सत्ताधाऱ्यांच्या सोयीने होते. अशा हातांत आणखी अधिकार देऊन द्वेषप्रचार थांबणार नाही. द्वेषाविरुद्ध बोलणारेच अधिक गप्प होतील.

मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये निराळ्या वर्गात मोडतात. तेथे मजकूर हाच गुन्ह्याचा पुरावा आणि गुन्ह्याची पुनरावृत्ती असतो. तो तात्काळ काढलाच पाहिजे आणि त्याबाबत मतभेदास जागा नाही. परंतु या निर्विवाद गोष्टीची ढाल पुढे करून तिच्याआड वादग्रस्त गोष्टी नेण्याचा कावा ओळखला पाहिजे. सरकार समर्थनासाठी नेहमी मुलांचे उदाहरण देते आणि आदेश मात्र व्यंगचित्रावर काढते.

मागण्या आणि काम

या विवेचनातून काही स्पष्ट मागण्या निघतात. एक, मजकूर बंद करण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावा. सुरक्षेच्या कारणाने एखादा भाग झाकायचा असेल तर तेवढाच झाकावा, आणि गुप्ततेचा सोळावा नियम रद्द व्हावा. दोन, ज्याचे लेखन बंद होते त्याला नोटीस, आदेशाची प्रत आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. तीन, तातडीचा आदेश ठरावीक मुदतीत न्यायिक अधिकाऱ्यापुढे मांडला नाही तर आपोआप संपुष्टात यावा. चार, ६९-अ ला वळसा घालणारी कलम ७९ ची वाट बंद व्हावी. पाच, इंटरनेट तोडण्याचे आदेश प्रसिद्ध व्हावेत, त्यांची मुदत ठरलेली असावी आणि प्रत्येक बंदीचा उपयोग काय झाला याचा हिशेब विधिमंडळापुढे यावा. सहा, कोणता मजकूर कोणापुढे आणि का ढकलला जातो, जाहिरातीचे पैसे कोण देतो, याची माहिती उघड करणे कंपन्यांवर बंधनकारक व्हावे. सात, चिथावणीखोरांवर पक्ष, धर्म वा पद न पाहता खटले चालावेत.

मागण्यांचे ठराव करून हे काम संपत नाही. अफवेला पहिले उत्तर गावात आणि वस्तीत द्यावे लागते. बाजारात, कारखान्याच्या दारात, एस. टी. स्थानकावर एखादा संदेश भीती पसरवू लागला की त्याची शहानिशा करून त्याच दिवशी, त्याच बोलीत खरे सांगणारी माणसे तेथे असली पाहिजेत. परगावाहून आलेल्या भटक्याच्या, स्थलांतरित मजुराच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य त्यांच्यात असले पाहिजे. मराठी भाषक साथी इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा अनेक ठिकाणी पसरलेले आहेत. तेथे तर खोटे संदेश भाषेच्या भिंती ओलांडून, अनुवाद होऊन येतात आणि त्यांची सत्यता तपासणे अधिक कठीण जाते. ज्याचे लेखन बंद पडले, ज्याला फोनवरील मजकुरासाठी ठाण्यात बोलावणे आले, त्याच्यासोबत वकील घेऊन जाणे, बंदीचा आदेश माहिती अधिकाराखाली मागणे, नकार मिळाल्यास अपील करणे आणि तो नकार जनतेपुढे मांडणे, हे जिल्हा समित्यांच्या नित्याच्या कामात आले पाहिजे. खोट्याशी लढण्यासाठी जनतेला सत्य हाती लागते, आणि ते तिच्या हाती लागू नये म्हणून घातलेले प्रत्येक कुलूप शेवटी खोट्याच्याच उपयोगी पडते.